बेघर माणसांसाठी स्वयंपाकाचं रोजगार-प्रशिक्षण: गिऱ्हाईक शोधण्यापासून नोकरी टिकेपर्यंत

कांदा चिरायला शिकवणं दोन दिवसांचं काम आहे. निवाऱ्यात रात्री तीनदा झोपमोड झालेला माणूस सकाळी नऊला धुतलेल्या कपड्यांत, कोरड्या मोज्यांत आणि भरल्या पोटी ओट्यापाशी उभा राहील अशी व्यवस्था लावायला मात्र महिने जातात. असा उपक्रम सुरू करू पाहणारे बहुतेक जण पहिल्या कामाचा अभ्यासक्रम लिहितात आणि दुसरं 'होईल आपोआप' म्हणून सोडून देतात. या लेखात दोन्ही आहे, पण झुकतं माप मुद्दाम दुसऱ्याला दिलंय.

कल्पना नवी नाही. वॉशिंग्टनमध्ये १९८९ साली रॉबर्ट एगर यांनी डीसी सेंट्रल किचन सुरू केलं. वाया जाणारं अन्न गोळा करून त्यातून जेवण बनवायचं, हे तिथलं मूळ काम. त्यालाच पुढे स्वयंपाकाच्या प्रशिक्षणाची जोड मिळाली. सिएटलमध्ये शेफ डेव्हिड ली यांनी १९८८ साली बेघरांना जेवण पुरवण्याचा व्यवसाय काढला, १९९२ मध्ये त्याची ना-नफा प्रशिक्षण संस्था झाली. फेअरस्टार्ट ती हीच. दोन्हीकडे आधी रोजचं जेवण शिजत होतं, वर्ग नंतर आला. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी हा क्रम उलटा करू नये.

पहिली पायरी: आधी गिऱ्हाईक, मग वर्ग

शिकण्यासाठी शिजवलेलं अन्न कुणी खात नसेल तर शिकणाऱ्याला ते लगेच कळतं. रोज ठरलेल्या वेळी ठरलेली ताटं बाहेर गेली पाहिजेत आणि कुणीतरी त्यांचे पैसे मोजले पाहिजेत. यासाठी तीन प्रकारची कामं मिळू शकतात: संस्थांना रोजचं जेवण पुरवण्याचा करार, समारंभांच्या ऑर्डरी आणि स्वतःचं कॅफे.

करारापासून सुरुवात करा. निवारा, पाळणाघर, शाळा, वृद्धांचं केंद्र यांना दिवसाला सगळ्यांसाठी एकच मेनू आणि रोज जवळपास तेवढीच ताटं लागतात. आकडा आदल्या दिवशी कळतो, जेवण एकाच वेळी बाहेर पडतं, आणि एकच कृती आठवड्यात दोनदा-तीनदा करावी लागल्याने शिकणाऱ्याचा हात बसतो. समारंभाच्या ऑर्डरींत नफा जास्त सुटतो, पण आज काही नाही आणि शनिवारी तीनशे पानं, अशी धांदल नवख्याला झेपत नाही. अशा ऑर्डरी सहा महिन्यांनंतरच घ्या. कॅफे दिसायला सगळ्यात छान आणि चालवायला सगळ्यात कठीण. भाडं रोजचं, गर्दी दीड तासाची, आणि त्या दीड तासात गिऱ्हाईक समोर उभं असताना कुणालाच काही शिकवता येत नाही. देणगीदारांना मात्र कॅफेच आवडतं. त्यांना चहा पाजा, पण निर्णय त्यांच्यावर सोडू नका.

कराराचा आकार ठरवायचा एकच नियम आहे: एकही प्रशिक्षणार्थी आला नाही तरी जेवण वेळेवर गेलं पाहिजे. पगारी दोन स्वयंपाकी आणि एक मदतनीस एका मेनूची जेवढी ताटं स्वतः काढू शकतात तेवढीच कबूल करा. साधा मेनू असेल तर सुरुवातीला १२० ते १५० ताटं पुष्कळ झाली. प्रशिक्षणार्थींचे हात हिशेबात धरले, की ज्या दिवशी तिघं गैरहजर असतात त्या दिवशी शिकवणारा स्वतः बटाटे सोलायला बसतो आणि उरलेले सात जण त्याच्याकडे बघत उभे राहतात.

परवाने, पाण्याची तपासणी, अन्नसुरक्षेची नोंदणी, विमा, अग्निशमन हे सगळं कुठल्याही व्यावसायिक किचनसारखंच, जिथे असाल तिथल्या कायद्याप्रमाणे. फक्त विमा काढताना प्रशिक्षणार्थीही त्यात येतात ना, हे लेखी घ्या. ते कर्मचारी नाहीत म्हणून पॉलिसीतून सुटतात आणि भाजल्यावर ते लक्षात येतं.

दुसरी पायरी: दोन वह्या

धंद्याचा हिशेब वेगळा, शिकवण्याचा वेगळा. एकाच वहीत लिहिलंत तर वर्षभराने तोटा जेवणात झाला की शिकवण्यात, हे कुणालाच सांगता येणार नाही.

धंद्याच्या वहीत विक्रीच्या दर १०० भागांपैकी ३० ते ३५ कच्च्या मालाला, ३० ते ३५ पगारी माणसांना आणि १५ ते २० इंधन, पॅकिंग, वाहतूक, भाडं यांना जातील असं धरा. दुरुस्तीला आणि गंगाजळीला निदान ५ बाजूला काढा, कारण फ्रिज बंद पडतो तो नेमका सुट्टीच्या आदल्या रात्री. दर लावताना जेवण पूर्ण पगारी माणसांनी केलं असं समजूनच लावा. फुकटच्या हातांमुळे स्वस्त देता येतं असं वाटलं, तर तो करार पुढे कधीच पायावर उभा राहत नाही.

शिकवण्याच्या वहीत शिक्षक, पाठपुरावा करणारा समाजकार्यकर्ता, विद्यावेतन, बूट, गणवेश, प्रवास, सकाळचा नाश्ता, कागदपत्रांचं शुल्क आणि नोकरी लागल्यानंतरचं वर्ष. हा खर्च अनुदानातून आणि देणग्यांतून भागवायचा. धंदा चांगला चालला तर त्यातला थोडा वाटा इकडे येईल, पण सगळा येईल असं कुणाला सांगू नका.

वह्या वेगळ्या ठेवण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते पैशाहून मोठं आहे. दहाव्या आठवड्यापर्यंत एखादीचा हात इतका तयार होतो की तिच्याशिवाय किचन अडतं. मग तिच्यासाठी बाहेरची नोकरी शोधायला कुणालाच घाई नसते. 'अजून थोडा आत्मविश्वास येऊ दे' असं म्हटलं जातं. खरं तर किचनला तिचा स्वस्त हात सोडवत नसतो. म्हणून बाहेर पडायची तारीख प्रवेशाच्या दिवशीच लिहून ठेवायची. ती पुढे ढकलायची तर कारण प्रशिक्षणार्थीने द्यायचं, किचनने नाही.

तिसरी पायरी: कुणाला घ्यायचं आणि कधी

स्वयंपाकाचा अनुभव विचारू नका. विचारायचं ते एवढंच: सलग चार तास उभं राहता येईल का? येत्या दोन आठवड्यांत रात्री कुठे झोपणार हे ठरलेलं आहे का? ठरावीक वेळी औषध घ्यावं लागतं का, दवाखान्यात रोज सकाळी जावं लागतं का? व्यसनमुक्तीचं औषध रोज सकाळी रांगेत उभं राहून घेणारा माणूस साडेआठला पोहोचू शकत नाही. त्याच्यासाठी साडेनऊची हजेरी ठेवली तर तो रोज येतो. पूर्वीच्या व्यसनाची चौकशी नको. कामाच्या दिवशी शुद्धीत असणं ही अट पुरे, आणि ती शिक्षकालाही लागू.

मुलाखतीपेक्षा तीन दिवसांची चाचणी बरी: भाजी धुणं, भांडी घासणं, ताटं भरणं. त्या तीन दिवसांचेही पैसे द्या. तीन दिवसांनंतर जवळपास निम्म्या जागी निर्णय समोरची व्यक्तीच घेते, आणि तो बहुधा बरोबर असतो.

एकदम बारा जणांची तुकडी घ्यायची की थोडे थोडे घ्यायचे? तुकडी कागदावर छान दिसते, निरोप समारंभ करता येतो. पण तुकडी बाहेर पडली की किचनमधला सगळा अनुभव एका दिवसात जातो आणि दुसऱ्या सोमवारी सगळेच नवखे. आमचं मत दर चार आठवड्यांनी चार-पाच जण घेण्याकडे आहे. अभ्यासक्रम बारा आठवड्यांचा धरला तर एका वेळी तीन टप्प्यांवरचे मिळून बारा-पंधरा जण असतात आणि नवव्या आठवड्यातली बाई पहिल्या आठवड्यातल्या माणसाला सुरी धरायला शिकवते. ते त्याला शिक्षकाने सांगितल्यापेक्षा लवकर पटतं. एका शिक्षकामागे आठांपेक्षा जास्त नकोत. त्यात दिवसाचं उत्पादन सांभाळणारे पगारी स्वयंपाकी मोजायचे नाहीत.

चौथी पायरी: साडेआठच्या आधीचं सगळं

निवाऱ्यांच्या वेळा लिहून काढा. कित्येक ठिकाणी सकाळी लवकर बाहेर पडावं लागतं आणि संध्याकाळी खाट मिळवायला दुपारपासून रांग लागते. तुमचा वर्ग पाचला सुटत असेल तर खाट की वर्ग हे रोज निवडावं लागेल, आणि माणूस खाट निवडेल. म्हणून वेळ साडेआठ ते अडीच. शिवाय निवाऱ्याशी बोलून या लोकांची खाट बारा आठवडे राखून ठेवण्याचं पत्र घ्या. या एका कागदाने हजेरीत जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही समुपदेशनाने पडत नाही.

लॉकर मोठे हवेत. व्यायामशाळेत असतात तसले लॉकर कामाचे नाहीत. बेघर माणसाच्या पाठीवरच्या पिशवीत त्याचं सगळं घर असतं आणि ती नजरेआड ठेवायची तर कुलूप आणि किल्ली त्याच्या हातात हवी. लॉकरच्या आतच मोबाइल चार्ज करायची सोय करा. फोन नंबर बदलत राहतात, हरवतात. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून निरोप पोहोचवता येईल अशा दोन जागा लिहून घ्या.

बूट पहिल्याच दिवशी द्या. 'दोन आठवडे टिकला तर देऊ' हा विचार काटकसरीचा वाटतो, पण ओल्या फरशीवर झिजलेल्या चपलेत उभा असलेला माणूस दोन आठवडे टिकत नाही. बंद, न घसरणारे बूट. माप दुपारनंतर घ्यायचं, कारण दिवसभर चालून पाय सुजतात आणि सकाळी नीट बसलेला बूट दुपारी चावतो. प्रत्येकी मोज्यांचे निदान चार जोड. पायांना जखमा, चिखल्या, बुरशी असेल तर पहिल्याच आठवड्यात नर्सला दाखवा. गणवेशाचे तीन संच, ते किचनमध्येच धुवायचे आणि किचनमध्येच ठेवायचे; निवाऱ्यात नेले की परत येतीलच असं नाही. अंघोळीची सोय असेल तर उत्तम. नसेल तर जवळची जागा ठरवून तिच्या वेळा भिंतीवर लावा.

आणि चष्मा. ज्याला 'वाचता येत नाही' किंवा 'लक्ष देत नाही' असं ठरवून मोकळे होतो, त्याला कित्येकदा जवळचं दिसतच नसतं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे डोळे तपासून घ्या.

नाश्ता साडेआठला, शिकवणं नऊला. उपाशी माणसाच्या हातात सुरी देऊ नका.

ओळखपत्र, कर क्रमांक, बँक खातं, जिथे लागतं तिथे अन्न हाताळणीचं प्रमाणपत्र ही कामं पहिल्याच आठवड्यात हातात घ्या, कारण कागद यायला दीड-दोन महिने सहज लागतात. अकराव्या आठवड्यात नोकरी ठरते आणि ओळखपत्राविना हातची जाते, हा प्रकार फार होतो. पत्रव्यवहाराला संस्थेचा पत्ता वापरू द्या.

विद्यावेतन आठवड्याला द्या, पहिलं पहिल्याच शुक्रवारी. त्याआधी एक गोष्ट तपासा: हे पैसे मिळाल्याने कुणाची सरकारी मदत किंवा निवाऱ्यातली जागा तर जात नाही ना? जात असेल तर तेवढी रक्कम प्रवासपास किंवा जेवण या रूपात देता येते का, ते जाणकाराला विचारा.

पाचवी पायरी: पहिले दोन आठवडे ओट्यावर

पहिला धडा हात धुण्याचा. साबण लावून २० सेकंद, नखांपर्यंत, मग कागदाने कोरडे. याला जोडूनच आजारपणाचा नियम सांगायचा: उलटी किंवा जुलाब होत असतील तर ते थांबून निदान ४८ तास होईपर्यंत अन्नाला हात लावायचा नाही. इथे नवे लोक एक चूक करतात. आजारपणाच्या दिवसाचं विद्यावेतन कापतात. मग जुलाब होत असलेला माणूस ते लपवून कामावर येतो आणि दीडशे ताटं धोक्यात येतात. ते दोन दिवसांचे पैसे द्या, स्वस्त पडेल.

दुसरा धडा हाका मारण्याचा. मागून जाताना 'मागे', गरम भांडं नेताना 'गरम', सुरी हातात असताना 'धार'. हे मोठ्याने, प्रत्येक वेळी, सगळ्यांनी. रस्त्यावर राहिलेल्या माणसाला पाठीमागून अचानक कुणी आलेलं सोसत नाही, तेव्हा ही शिस्त अपघातापलीकडेही कामाला येते. खांद्याला हात लावून बाजूला सारणं बंद. ओरडणंही बंद. बाहेरच्या किचनमध्ये ओरडतात म्हणून इथे सवय लावावी, हा युक्तिवाद ऐकू येतो. घाईची सवय लावा, घड्याळ लावून कामं द्या, पण आवाज चढवू नका. चढवला की समोरचा ऐकणं थांबवतो आणि दाराकडे बघू लागतो. सहन होईनासं झालं तर 'बाहेर जातो' एवढंच म्हणून दहा मिनिटं बाहेर थांबायची मुभा सगळ्यांना. कारण विचारायचं नाही. सुरुवातीला ती रोज वापरली जाते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून वापर कमी होत जातो.

सुऱ्यांवर क्रमांक, फळीवर त्याच क्रमांकाची जागा. शिफ्ट सुरू होताना आणि संपताना मोजणी, आणि मोजणारा रोज वेगळा. शिक्षकाची सुरीही त्याच फळीवर.

आता कांदा. फळीखाली ओलं फडकं, म्हणजे फळी हलत नाही. सुरी नसलेल्या हाताची बोटं आत वळवलेली, सुरीचं पातं बोटांच्या पेरांना टेकून खाली-वर. आधी १२ मिलिमीटरच्या फोडी, मग ६ मिलिमीटर. त्यानंतर गाजराच्या ३ मिलिमीटर जाडीच्या, ५ सेंटिमीटर लांब काड्या. प्रत्येक मापाचा एक तुकडा नमुना म्हणून ओट्यावर ठेवायचा. सारखं चिरण्याचा आग्रह दिसण्यासाठी नाही: सहा मिलिमीटरची फोड मऊ होते तेव्हा बाराची मधून कच्ची असते, आणि बारा शिजेपर्यंत सहाचा लगदा झालेला असतो. एकदा दोन्ही एकाच पातेल्यात शिजवून चाखायला द्या. पुन्हा सांगावं लागत नाही.

मग वजनकाटा. १० किलो कांदा सोलून-चिरून तयार हाताने साधारण पावणेनऊ ते नऊ किलो निघतो. नवख्या हाताने आठच निघतो, कारण तो बुडखा जाडा कापतो आणि वरचे दोन पापुद्रे साल समजून काढतो. सालींची बादली रोज तोलून आकडा फळ्यावर लिहा. नाव लिहू नका, फक्त आकडा. दुसऱ्या आठवड्यात लोक स्वतःहून बादली काट्यावर नेतात. फूड कॉस्ट (जेवणामागचा कच्च्या मालाचा खर्च) म्हणजे काय, हे समजवायला याहून चांगला धडा नाही. चिरलेला सगळा कांदा त्याच दिवशीच्या जेवणात गेला पाहिजे. सरावासाठी चिरून फेकलेली भाजी भुकेची ओळख असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर टाकणं हा नुसता खर्चाचा प्रश्न नाही.

कृतीचं कार्ड वजनात लिहा: एका ओळीत एकच काम, शेजारी फोटो. 'चवीपुरतं मीठ' असं लिहू नका, ग्रॅम लिहा. चव घेऊन कमी-जास्त करणं सहाव्या आठवड्यापासून.

सहावी पायरी: तापमान, आणि २० लिटर सूप

घोकून घ्यायचे आकडे थोडे आहेत. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. अन्न त्यात कमीत कमी वेळ राहिलं पाहिजे. कोंबडीचं मांस आतून ७४ अंशांपर्यंत शिजलं पाहिजे आणि थंड केलेलं अन्न पुन्हा गरम करतानाही ७४ गाठलं पाहिजे. तुमच्याकडच्या कायद्यातला आकडा वेगळा असेल तर तोच भिंतीवर लावा. थर्मामीटर खुपसायचा, पातेल्याला हात लावून अंदाज बांधायचा नाही. दर सोमवारी तो बर्फ घातलेल्या पाण्यात धरून शून्य दाखवतो का, ते बघा.

चुका शिजवताना कमी होतात, निववताना जास्त. दुपारी एक वाजता २० लिटर सूप तयार आहे, उद्यासाठी ठेवायचंय. नवखा माणूस झाकण लावून पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवतो आणि त्याच्या मते त्याने काळजी घेतलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी कड थंडगार लागते आणि मधोमध थर्मामीटर खुपसला तर सूप अजून कोमट. उकळून न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू या कोमटपणात जागे होतात; क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारखा जिवाणू अनुकूल तापमानात दर दहा-बारा मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. वर त्या गरम पातेल्याने शेजारचं दूधही तापवलेलं असतं.

करायचं ते असं. ५३ बाय ३२.५ सेंटिमीटरचे स्टीलचे उथळ ट्रे घ्या, प्रत्येकात सूप ५ सेंटिमीटरपेक्षा खोल नको. म्हणजे एका ट्रेत साधारण सात लिटर, वीस लिटरला तीन ट्रे. ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहायचं. ५७ अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांच्या आत, आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांच्या आत. पहिल्या दोन तासांत २१ गाठलं नाही तर ७४ पर्यंत पुन्हा तापवून नव्याने निववायचं, तेही एकदाच. तासातासाला आकडा वहीत. फ्रिजमध्ये ट्रे एकावर एक रचायचे नाहीत आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण घट्ट लावायचं नाही. अडीचला वर्ग सुटतो, तेव्हा निववण्याची जबाबदारी संध्याकाळपर्यंत थांबणाऱ्या पगारी माणसाच्या नावावर लिहा. अर्ध्यावर सोडून गेलेली ही कामंच आजारपणाचं मूळ असतात.

फळ्या आणि ओटे निर्जंतुक करायला ५ टक्क्यांचं साधं ब्लीच असेल तर १० लिटर गार पाण्यात २० मिलिलिटर. त्यातून दशलक्षाला १०० भाग क्लोरीन मिळतं. तपासपट्टीने रोज बघा. आधी साबणाने धुवून मगच हे पाणी, कारण अन्नाचे कण राहिले तर क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतं. अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेल्या कुठल्याही द्रवात ब्लीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

दोन लहान गोष्टी. व्हॅनिला अर्कात ३५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, स्वयंपाकाच्या वाइनमध्येही असतं. दारू सोडलेल्या माणसांच्या किचनमध्ये या बाटल्या आणूच नका, त्यांच्याविना चालणारा मेनू करा. इन्सुलिनसारखी औषधं अन्नाच्या फ्रिजमध्ये नकोत, त्यांना छोटा वेगळा फ्रिज.

सातवी पायरी: तिसरा ते बारावा आठवडा

तिसऱ्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत प्रत्येकाने पाच जागी काम करायचं: भाजीची तयारी, गरम स्वयंपाक, ताटं भरणं आणि पॅकिंग, भांडी, मालाची आवक. एका जागी निदान सलग सहा दिवस. भांडी घासणं शिक्षा म्हणून कधीच देऊ नका, कारण बऱ्याच जणांची पहिली नोकरी तिथेच असणार आहे आणि ते कामही वेगाने करायला शिकावं लागतं. माल घेताना वजन, तापमान, तारीख तपासून नको असलेला माल परत पाठवणं हे काम प्रशिक्षणार्थीच्या हाती द्या. गाडीवाल्याला 'हे परत न्या' म्हणणं कित्येकांना मांस शिजवण्याहून अवघड जातं.

नवव्या-दहाव्या आठवड्यात वेग. उद्दिष्टं ठरवा: ४० मिनिटांत ५ किलो कांदा ६ मिलिमीटर, एका तासात १०० डबे भरून बंद. अकरावा-बारावा आठवडा बाहेरच्या किचनमध्ये, संस्थेच्या विम्याखाली.

गैरहजेरीचा नियम आधीच सांगितलेला आणि सगळ्यांना सारखा हवा. कळवून कुणी आलं नाही तर अडचण नाही. न कळवता तीन दिवस म्हणजे जागा गेली, पण पुढच्या चार आठवड्यांच्या प्रवेशात पुन्हा येता येईल. दार कायमचं बंद करायचं ते फक्त मारामारी, धमकी किंवा छळासाठी.

आठवी पायरी: नोकरी

रुग्णालय, शाळा, कंपनीचं कॅन्टीन यांची किचनं पहिल्या नोकरीला बरी. तिथे दिवसाची शिफ्ट असते, सुट्ट्या ठरलेल्या असतात. रेस्टॉरंटमध्ये काम रात्री साडेअकराला सुटतं, शेवटची बस गेलेली असते, निवाऱ्याचं दार दहाला बंद झालेलं असतं, आणि शिफ्टनंतर सगळे मिळून प्यायला बसतात. काहींना तेच हवं असतं; त्यांची राहायची सोय आधी लावा.

मालकाकडे आधी तुम्ही जा. शिफ्ट नक्की किती वाजता संपते, पगार किती दिवसांनी आणि कसा मिळतो, नव्या माणसाला कोण सांभाळतो, जेवण मिळतं का, पोलीस पडताळणी कधी होते हे विचारा. पडताळणीत काही निघणार असेल तर ते नोकरी ठरण्याआधी बोललं जावं, पण त्या व्यक्तीच्या परवानगीने. 'आमची बेघर मुलगी आहे, सांभाळून घ्या' अशी शिफारस करू नका. ६ मिलिमीटरचा कांदा किती मिनिटांत चिरते, ते सांगा.

पहिला पगार हातात येईपर्यंतचे दिवस सगळ्यात नाजूक. विद्यावेतन थांबलेलं, पगार यायचाय, बसभाडं रोजचं. महिन्याचा प्रवासपास आणि पहिल्या पगारापर्यंतची तुटपुंजी का होईना पण ठरलेली रक्कम शिकवण्याच्या वहीत आधीच धरा. पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन, तिसऱ्या दिवशी फोन, आठवड्याने भेट, मग ३०, ९०, १८० दिवसांनी आणि वर्षाने. पगारातून जुन्या कर्जाची किंवा दंडाची कपात सुरू झाली की माणूस हबकून नोकरी सोडतो; पहिली पगारपावती सोबत बसून वाचा. भाड्याची खोली मिळाल्यावरही लक्ष असू द्या. ती बहुधा कामापासून लांब मिळते, आणि वर्षानुवर्षं गर्दीत झोपलेल्याला एकट्याने बंद खोलीत झोप लागत नाही.

यशाचा आकडा काढताना भागाकार नीट करा. वीस जण सुरू झाले, दहा पूर्ण झाले, आठांना नोकरी लागली, सहा महिन्यांनी पाच टिकले. अहवालात 'दहापैकी आठ' लिहायचा मोह होतो. वीसपैकी पाच लिहा आणि उरलेले पंधरा कोणत्या आठवड्यात गेले, ते खाली मांडा. सगळे दुसऱ्या आठवड्यात गेले असतील तर चौथी पायरी कच्ची आहे. नोकरीनंतर गेले असतील तर आठवी.

विक्री करताना जेवण विका. प्रशिक्षणार्थींचे 'आधी आणि नंतर' असे फोटो नकोत, डब्यावर कुणाच्या आयुष्याची गोष्ट नको. पहिली ऑर्डर कणवेने मिळेलही, दुसरी मीठ बरोबर पडलं असेल तरच.

नोकरी सुटलेला माणूस परत येईल, आणि बहुतेक वेळा तो एकदम आत येत नाही, दोन-तीन दिवस रस्त्याच्या पलीकडे घुटमळतो. त्याच्यासाठी आठवड्याला दोन शिफ्टा पगारी दराने मोकळ्या ठेवा: सोलणं, पॅकिंग, भांडी. काय झालं, हे त्या दिवशी विचारू नका. त्याच आठवड्यात नव्या नोकरीसाठी फोन सुरू करा. आणि त्याच्या मापाचा बुटांचा एक जोड, कारण जुना बहुधा हरवलेला असतो; दर महिन्याच्या खर्चात असे दोन जोड धरलेले असू द्या.